जून-डिसेंबरची कपात

जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात एक लहानशी कपात असते: कामगार कल्याण निधी. तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पण आपल्या तिप्पट रक्कम तेव्हा मालकालाही भरावी लागते. कायदा १९५३चा, निधी सांभाळतं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. मुलांना शिष्यवृत्ती, पाठ्यपुस्तकांसाठी सहाय्य, गंभीर आजारात मदत, हे सारं त्यातून मिळतं.

कवी म्हणून मला या कायद्यातली एक तरतूद फार भावते. गावी निघून गेलेल्या कामगाराचा न नेलेला पगार, बोनस तीन वर्षांनंतर मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. तोही या निधीत जमा होतो. कुणा अनोळखी माणसाच्या घामातून दुसऱ्याच्या लेकराची वही येते.

आमचे अब्बा यंत्रमागावर राबले. ठेकेदार नावच नोंदवत नसे. म्हणून कपात नव्हती आणि शिष्यवृत्तीही नव्हती. माझं बी.ए. थोरल्या आपाच्या शिलाई यंत्रावर झालं. ही मदत खैरात नव्हे, हक्काची आहे. तेव्हा पगारपत्रक नीट वाचा. कपात दिसत नसेल तर मालकाला विचारा. दिसत असेल तर जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन अर्ज मागा.