‘यक्षांची देणगी’नंतर काय वाचाल?

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. त्यानंतर कितीतरी जणांनी कपाटातून त्यांचं ‘यक्षांची देणगी’ पुन्हा बाहेर काढलं, मुलांच्या हाती दिलं. विज्ञानकथा वाचायची तर सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की गेली चाळीसेक वर्षं मराठीत हेच नाव आधी येतं. ते योग्यच आहे. माझी तक्रार एवढीच, की बहुतेकांची यादी तिथेच संपते.

त्याआधीच्या पिढीला हे वेड लावलं भा. रा. भागवतांनी. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’ ही ज्यूल व्हर्नची रूपांतरं वाचताना मूळ लेखक फ्रेंच आहे हे मुलांच्या ध्यानातही येत नसे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. तेव्हा ते जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होते. तरीही नवख्या लेखकासारखे रांगेत उभे राहिले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्यांची एकच कथा सुचवायची झाली, तर मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सुचवेन. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोचतात जिथे विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. त्यानंतर देशाचा सगळा नकाशाच पालटतो. पानिपताची सल मनात असलेल्या वाचकाला ही कथा जशी भिडते, तशी परग्रहावरची कोणतीही स्वारी भिडणार नाही. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि ती देशभरच्या मुलांपर्यंत गेली. नारळीकरांची पात्रं पुष्कळदा व्याख्यान देतात, हे खरं आहे. पण कल्पनेची झेप एवढी नेमकी असते की ते खपून जातं.

पात्रांत जीव हवा असेल, तर लक्ष्मण लोंढे वाचा. त्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ इंग्रजीत गेली आणि जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात समाविष्ट झाली. मराठी वाचकांनी तिचा पुरेसा अभिमान बाळगलेला नाही. बाळ फोंडके, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांनी हाच काळ भरून काढला. गोगट्यांची ‘यंत्रायणी’ आज नव्याने वाचावी अशी. सुबोध जावडेकरांनी ‘आकांत’मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घेतली. केमिकल इंजिनियरने लिहिलेली ही कादंबरी आहे, त्यामुळे कारखान्याच्या आत काय चालतं हे आतल्या माणसाच्या नजरेतून दिसतं. विज्ञानाशी संबंधित भीती दूरच्या ग्रहावरून आणावी लागत नाही, हे मला या कादंबरीने पटवलं.

२०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, पण तोवर तरुण वाचक बराच पुढे गेला होता. आता त्याच्या तोंडी लिउ छिशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ असते, अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ असते. दोन्ही वाचाव्यातच. चीनची सांस्कृतिक क्रांती पोटात घेऊन लिउची कादंबरी उभी राहते आणि म्हणूनच ती जगभर पोचली. २०१५ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो इंग्रजी अनुवादामुळे. आपल्याकडच्या चांगल्या कथांना असे अनुवादक क्वचितच लाभले. नॅशनल बुक ट्रस्टने फोंडक्यांकडून संपादित करून घेतलेला ‘इट हॅपन्ड टुमारो’ हा इंग्रजी संग्रह १९९३ चा. त्यातल्या ‘हिमप्रलय’मध्ये नारळीकरांनी मुंबईवर बर्फ पाडला आहे. ‘थ्री-बॉडी’वर रात्र रात्र बोलणाऱ्या मुलांनी तो संग्रह शोधून काढावा आणि त्यानंतर थेट लोंढे उघडावेत.