हाक कानात शिरते, पुढे काय होते?

आपण कानाने ऐकतो हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण कान नेमके काय करतो असे विचारले, तर दहावीचा विद्यार्थीही बहुधा आकृतीतील नावे सांगून थांबतो. याचे कारण उघड आहे. डोळा आरशात दिसतो, नाडी बोटाला लागते. ऐकण्याचे काम मात्र कवटीच्या हाडात, दृष्टीआड चालते. म्हणून लहान मुलांना ते सांगताना आकृतीऐवजी हाताशी असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करावी. जाफराबाद तालुक्यातल्या कोणत्याही लहान शाळेत मिळतील एवढ्या वस्तू पुरेशा आहेत : शाळेची घंटा, एक रिकामा डबा, फुगा, चिमूटभर मोहरी आणि एक ड्रॉइंग पिन.

थरथर आणि धक्का

घंटेवर टोल द्यावा आणि मुलांना तिला हळूच बोट लावायला सांगावे. बोटाला झिणझिण्या येतात. मुठीत घट्ट धरली की थरथर थांबते आणि आवाजही थांबतो. ध्वनीचा उगम थरथरण्यात आहे, हे एवढ्यावरून पटते.

ही थरथर कानापर्यंत कशी येते? मुलांना एकामागे एक उभे करून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावावेत. शेवटच्या मुलाने हलकेच ढकलले की धक्का पहिल्यापर्यंत पोचतो, पण कोणीही आपली जागा सोडत नाही. हवेचे कणही असेच जागच्या जागी पुढेमागे होतात आणि धक्का पुढे जातो. त्याचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो. पलीकडच्या शिवारात कोणी कुऱ्हाड चालवत असेल, तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तो यामुळेच.

कानातला पडदा

डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे, त्यावर मोहरी टाकावी आणि जवळ थाळी जोरात वाजवावी. कोणी हात न लावता मोहरी नाचू लागते. आपल्या कानातही सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीच्या टोकाशी असाच ताणलेला पडदा असतो. तो जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग जाड असतो. हवेचा धक्का आला की तो थरथरतो.

तीन हाडे कशासाठी?

इथे मुलांना एक प्रश्न विचारावा. पूर्णा नदीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरची हाक नीट का ऐकू येत नाही? हवेतून येणारा ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. हजारातला एखादाच हिस्सा आत शिरतो. आता अडचण अशी, की आपला आंतरकर्ण द्रवाने भरलेला आहे. म्हणजे आत ऐकणारा जणू कायमची बुडी मारून बसला आहे!

ही अडचण पडद्यामागची तीन इवलीशी हाडे सोडवतात. त्यांना आकारावरून हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. रिकीब सुमारे 3 मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत लहान हाड. ड्रॉइंग पिनचे रुंद डोके आपण अंगठ्याने दाबतो आणि तिचे टोक लाकडात घुसते. मोठ्या जागेवरचा जोर लहान जागेवर एकवटतो. पडद्यावरचा जोरही असाच रिकिबीच्या छोट्या तळाशी एकवटतो आणि दाब सुमारे वीसपट होतो. मग आतला द्रव हलतो.

ज्वारीचे शेत

हा द्रव गोगलगाईच्या शंखासारख्या, सुमारे अडीच वेढ्यांच्या नळीत असतो. तिला कर्णावर्त म्हणतात. तिच्या लांबीभर एक पट्टी असते. ती दाराशी अरुंद व ताठ, तर टोकाशी रुंद व सैल असते. म्हणून शिट्टीसारखा बारीक आवाज तिला दाराशी अधिक हलवतो आणि ढोलासारखा खर्ज टोकाकडे. लाटा या पट्टीवरून कशा जातात हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून पाहिले आणि त्यासाठी त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टीवर सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. वाऱ्याने ज्वारीचे पीक डोलावे तसे त्यांचे सूक्ष्म केस झुकतात, त्यातून विद्युत संदेश निर्माण होतो आणि चेतातंतूंवाटे मेंदूकडे जातो. ‘आई हाक मारते आहे’ हा अर्थ मेंदू लावतो.

पिकाची ही उपमा पुढेही उपयोगी पडते. शेतातून गाडी गेली की ताटे मोडतात. केशपेशीही प्रचंड आवाजाने मोडतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर 3 डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांना हा हिशेब वर्गात करायला लावावा. शाळेभोवतीचा 100 मीटरचा परिसर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, हेही त्यांना सांगावे.

साखळी कुठे तुटते?

धक्का, पडदा, हाडे, द्रव, केशपेशी, मेंदू ही साखळी मुलांना समजली, की ती कुठे तुटू शकते हेही समजते. कानात हरभऱ्याचा दाणा गेला तर वाट बंद होते. त्यावर पाणी ओतू नये, दाणा फुगून अधिक घट्ट बसतो. कानाखाली लगावलेल्या चपराकीने नळीतली हवा एकदम दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. शारीरिक शिक्षेला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. त्यामागे शरीरशास्त्राचेही हे एक कारण आहे.

सर्वांत फसवी अडचण सर्दीची. घशापासून मध्यकर्णाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड व आडवी असते. ती तुंबली की हाडांच्या पोकळीत द्रव साठतो आणि ऐकू कमी येते. दुखतेच असे नाही, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. काही आठवड्यांनी ऐकू येऊ लागते, पुन्हा कमी होते. केशपेशींचा दोष असेल तर प्रकार वेगळा : आवाज ऐकू येतो, पण ‘स’सारखे बारीक उच्चार निसटतात आणि ‘साप’चा ‘आप’ होतो. वर्गात दोन्ही मुलांवर एकच शिक्का बसतो : लक्ष नाही, मठ्ठ आहे.

श्रुतलेखनात चुकणारे, सूचना दिल्यावर आधी शेजाऱ्याकडे पाहणारे, एकच कान पुढे करणारे मूल दिसले, तर त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे. त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगून कुजबुजत ओळखीचे शब्द म्हणावेत आणि त्याने ते परत म्हणावेत. मग दुसरा कान. हे निदान नव्हे, पण शंका घ्यायला पुरेसे आहे. पुढची तपासणी 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा सरकारी रुग्णालयात करून घेता येते. साठलेल्या द्रवावर उपचार आहेत. केशपेशींच्या दोषात श्रवणयंत्राची मदत होते. तोवर त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवावे आणि त्याच्याकडे तोंड करून बोलावे. एवढे तर उद्याच करता येईल.