पातेल्यातल्या धातूचा जिना

घोडबंदर रोडवर मानपाड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला ट्रॉम्बे आठवतं, कारण धडका तिथेही असतात, फक्त कणांच्या. (हसा खुशाल!) तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘फोटिया’ हा ६० लाख व्होल्टचा प्रवेगक आहे. त्यातला प्रोटॉन ॲल्युमिनियमच्या, म्हणजे आपल्या पातेल्यातल्या धातूच्या, अणुकेंद्रकावर आदळून उसळतो, पण थोडी ऊर्जा तिथेच ठेवून. त्या ऊर्जेने केंद्रक वरच्या पायरीवर चढतं, क्षणात खाली येतं आणि गॅमा किरण सोडतं. पहिल्या दोन पायऱ्या ८४४ आणि १०१४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या. मधे टेकायला जागाच नाही. हा जिना आहे, उतार नव्हे. फ्लोरिनच्या पायऱ्या ११० आणि १९७. जिना वेगळा, म्हणून गॅमा किरणही वेगळे; त्यामुळे नमुना न विरघळवता त्यातलं फ्लोरिन मोजता येतं. आणि हो, फोटिया म्हणजे तिथल्याच जुन्या ५५ लाख व्होल्टच्या व्हॅन डी ग्राफ यंत्राचं नवं रूप.