एकाच सोलोचे चार महिने

करावे गावात कुणाची हळद असली की रात्री बँड वाजतो आणि त्यातला सॅक्सोफोन आमच्या खिडकीपर्यंत येतो. आमच्या थोरल्याला नाद लागला तो इथूनच. बारावीनंतर त्याने हट्ट धरला, तेव्हा आम्ही भिशीच्या पैशांतून एक जुना ऑल्टो सॅक्सोफोन घेतला. "एवढ्यात फ्रिज आला असता," दादी म्हणाल्या.

पुढे कळलं, मुलाला फिल्मी गाणी नकोत, जॅझ हवंय. चार महिने तो एकाच तुकड्यावर अडून होता. लेस्टर यंग या अमेरिकन वादकाने १९३६ साली 'लेडी बी गुड' या गाण्यावर रेकॉर्ड केलेला सोलो, दोन मिनिटांच्या आतला. आम्ही विचारलं, "जॅझमध्ये ऐनवेळी मनातलं वाजवतात ना? मग दुसऱ्याचं कशाला घोकतोस?"

"अब्बा, मनात आधी काही जमायला नको का?"

त्याची रीत आम्ही रोज बघत होतो. मोबाइलवर वेग निम्मा करून दोन-चार स्वर ऐकायचे. आधी तोंडाने गायचे. गाता आले नाहीत तर वाद्याला हात लावायचा नाही. मग बोटांनी शोधायचे आणि वहीत उतरवायचे. लेस्टर वाजवतो टेनर, याच्याकडे ऑल्टो. एकच बोटं ठेवली तरी दोन्हींतून वेगळा स्वर निघतो, म्हणून सगळं बदलून लिहावं लागतं. त्यानंतर कुठल्या कॉर्डवर कुठला स्वर आला ते तपासायचं आणि तोच तुकडा बाराही पट्ट्यांत फिरवायचा. छापील नोटेशन मिळतं, पण श्वास कुठे घेतला, स्वर किंचित मागे कसा ओढला, हे कागदावर पुरतं येत नाही. गाण्याच्या तालमीत शागीर्द उस्तादांची तान जशीच्या तशी घेतो, तसंच हे.

चार्ली पार्करनेही १९३७च्या उन्हाळ्यात लेस्टरच्या रेकॉर्ड ऐकूनच त्याचे सोलो पाठ केले होते. तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. आपल्या मुंबईतही गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीत वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) ते पडद्यावरही दिसतात.

हे सगळं खरं, पण घरात ओढाताण होती. वाद्य विकायचं आम्ही ठरवलं, गिऱ्हाईकही मिळालं.

त्याच आठवड्यात दार वाजलं. हळदीच्या बँडमधले सॅक्सोफोनवाले चाचा. "कोण वाजवतंय?" मुलाने घाबरत सोलो वाजवला, आणि मध्येच विसरला. पण थांबला नाही; आठ-दहा स्वर स्वतःचेच घालून पुन्हा मूळ वाटेवर आला. चाचा हसले. तेही कॅसेट मागे-पुढे करूनच शिकलेले. टेप तुटली की नेलपॉलिशने चिकटवायचे. "ते मधलं परत वाजव," ते म्हणाले. मुलाला ते पुन्हा आठवेना.

दादींनी चाचांना जेवायला थांबवलं. गिऱ्हाइकाला आम्ही अजून फोन केलेला नाही.