मुंबईचे विस्मरणात गेलेले गॅरेज बँड

गॅरेज रॉक ही १९६०च्या दशकात अमेरिकेत रुजलेली संगीतशैली. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत गेले आणि गावोगावची शाळकरी पोरं गिटारी घेऊन घरच्या गॅरेजमध्ये तालमी करू लागली. तीन-चार कॉर्ड, फाटक्या आवाजाची गिटार, ओरडून म्हटलेली गाणी आणि सफाईपेक्षा जोश ही या शैलीची ओळख. पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक उभं राहिलं, त्याची मुळं इथेच होती. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईतही असे बँड होते. त्यांची आठवण मात्र फारशी उरली नाही.

मुंबईत इलेक्ट्रिक गिटारीचा नाद लावणाऱ्या पहिल्या बँडपैकी एक म्हणजे 'द जेट्स'. मागोमाग 'मिस्टिक्स', 'कम्बस्टिबल्स', 'सॅव्हेजेस' असे बँड आले. परदेशी गिटार-अँप्लिफायर आयातीवरच्या निर्बंधांमुळे दुर्मिळ आणि महाग होते. त्यामुळे कुणाच्या नातेवाइकाने आणलेली गिटार आणि इथल्याच कारागिराने जुळवलेला अँप्लिफायर यांवर काम भागवावं लागे. वादन व्हायचं ते कॉलेजांचे कार्यक्रम, हॉटेलं आणि दुपारची जॅम सेशन्स इथे. श्रोत्यांना रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणीच हवी असत, म्हणून स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडची कोंडी होई.

या हौशी मंडळींना मोठा मंच दिला तो एका सिगारेटने. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही देशव्यापी स्पर्धा सुरू केली. तिची अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात रंगे. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांतल्या बँडच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पहिलीत शिलाँगचे 'फेंटोन्स', मद्रासचे 'कन्फ्यूजन्स', बंगळूरचे 'डायनोसॉर्स', कलकत्त्याचे 'ग्रेट बेअर' असे संघ होते. कुणी परदेशी गाणी घासूनपुसून वाजवली, कुणी स्वतःची गाणी आणली. जाहिरातीसाठी काढलेल्या या तबकड्या दुकानांतून लोकप्रिय होण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक वर्षांनी युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना त्या सापडल्या, पुन्हा छापल्या गेल्या, आणि भारतातही गॅरेज रॉक होतं हे जगाला कळलं.

१९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' हा खुल्या मैदानावरचा रॉक महोत्सव झाला. कुलाब्यातला 'स्लिप डिस्क' हा क्लब तर बँडचा अड्डाच होता. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना याच क्लबात त्यांनी वाद्यं हाती घेतली होती. सॅव्हेजेसची 'लाइव्ह' ही एलपी १९७३ साली पॉलिडॉरने काढली. मुंबईत आर्किटेक्चर शिकणारे रेमो फर्नांडिस काही काळ याच बँडमध्ये होते.

याच पिढीतला 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा बँड कीथ कांगा यांनी उभा केला. त्याची 'ऑब्सेशन ७७' ही एकच एलपी निघाली, तिचा गाजावाजा झाला नाही आणि ती विस्मृतीत गेली. लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने ती पुढे नव्याने काढली तेव्हा मूळ प्रती संग्राहकांसाठी दुर्मिळ ठेवा ठरल्या होत्या. बँडच्या गायकांपैकी नंदू भेंडे हे अभिनेते आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. अ‍ॅलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक-संगीतिकेत ते ज्यूडास झाले. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांनी अंकुशची भूमिका केली. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालच्या या नाटकात लावणी, नाट्यगीत आणि रॉक एकत्र नांदले. मराठी प्रेक्षकांपर्यंत ही परंपरा बँडच्या तबकड्यांतून नव्हे, तर रंगमंचावरून पोचली. २०१४ साली भेंडे गेले.

हे बँड टिकले नाहीत याची कारणं साधी होती. ध्वनिमुद्रणाचा धंदा चित्रपटसंगीतावर चाले, आकाशवाणीवर अशा संगीताला मोजकाच वेळ मिळे, आणि वाजवणाऱ्यांना नोकरी धरावी लागे. काहींनी देश सोडला, काही जाहिरातींच्या जिंगलांकडे वळले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्कोची लाट आली आणि क्लबमधून बँडची जागा रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी घेतली.

पंक मुंबईत रुजलं ते बऱ्याच उशिरा, २००० नंतर. 'ट्रिपवायर', 'द रायट पेडलर्स', 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' हे त्यातले ठळक बँड. लाइटइयर्सचा २०१३चा 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' हा अल्बम शीर्षकातच हिंदी सिनेमाशी खेळतो. हार्डकोर वाजवणाऱ्या 'स्क्राइब'ने तर तेजा आणि मोगँबो या हिंदी सिनेमातल्या खलनायकांनाच शीर्षकात ओढलं: २०१०चा 'मार्क ऑफ तेजा', २०१४चा 'हेल मोगँबो'. आधीच्या पिढीला परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करावी लागे. या पिढीने इथल्या सिनेमाची भाषा आपल्या आवाजात मिसळली. मात्र मोठ्या कंपन्यांचं पाठबळ आणि रेडिओची साथ तिलाही क्वचितच मिळाली.