शेंडा खुडा, अंबाडी वाढवा

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. भेंडी आणि अंबाडी ही त्याच कापसाच्या कुळातली, परसबागेत सहज येणारी झाडं. पाऊस सुरू झाला की अंबाडीचं बी टाका. रोप वीतभर झालं की कोवळा शेंडा खुडा. शेंड्यातलं ऑक्झिन हे संप्रेरक खालचे डोळे दबवून ठेवतं. शेंडा गेला की बगलेतून फांद्या फुटतात आणि भाजी पुन्हा मिळते.

पानांचा आंबटपणा सेंद्रिय आम्लांचा. म्हणून पानं उकडून पाणी काढतात, मग ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटतात. वरून लसणाची चरचरीत फोडणी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात मात्र ही भाजी शिजवू नका. आम्लामुळे तिच्यात तांबं उतरतं.