संस्कृतचे पुनरुज्जीवन आणि नागरिकाचा हक्क

संस्कृतचे पुनरुज्जीवन झाले पाहिजे असे कोणी म्हणाले, की आमच्या कामगारवस्तीत काही जण हात जोडतात आणि काही जण पाठ फिरवतात. श्रोतेहो, मी या दोहोंतही नाही. माझे आयुष्य हक्काच्या भांडणात गेले, त्यामुळे हा प्रश्नही मी त्याच बाजूने तपासतो. संस्कृतच्या बाबतीत नागरिकाचा हक्क नेमका कोणता?

राज्यघटनेचे २९ वे कलम मूलभूत हक्कांच्या भागात येते. स्वतःची वेगळी भाषा जतन करण्याचा हक्क ते नागरिकांच्या कोणत्याही गटाला देते. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे २४,८२१ लोक निघाले. एखाद्या मोठ्या औद्योगिक वसाहतीत याहून अधिक माणसे रोज कामावर येतात! पण हक्क काही डोकी मोजून मिळत नसतो. याच कलमाचा दुसरा भाग मात्र व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही. सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही, असे तो सांगतो.

पुष्कळ जण ३५१ व्या कलमाचा आधार घेतात. ते कलम हिंदीसाठी आहे. हिंदीने शब्द प्रामुख्याने संस्कृतमधून घ्यावेत असे त्यात म्हटले आहे. ते केंद्रावर टाकलेले कर्तव्य आहे, नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने संस्कृत ऐच्छिक विषय म्हणून शिकविल्याने धर्मनिरपेक्षतेला बाध येत नाही, असा निर्णय दिला. त्यातला ‘ऐच्छिक’ हा शब्द विसरू नये. संस्कृतला राष्ट्रभाषा जाहीर करा ही मागणी त्याच न्यायालयाने २०२२ साली, हा धोरणाचा प्रश्न आहे असे सांगून, फेटाळली.

खरा प्रश्न दाराचा आहे. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःहून केला आणि १९४९ साली संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या दुरुस्तीला पाठिंबाही दिला. ज्या माणसाला दाराबाहेर ठेवले, त्याने घर पाडा असे म्हटले नाही!

आमच्या शाळेत आठवीला संस्कृत फक्त ‘हुशार’ तुकडीला मिळे. त्या तुकडीत आमच्या चाळीतला एकही मुलगा नव्हता. जात कोणी विचारली नाही, गुणपत्रिका विचारली. कायद्याच्या भाषेत हा अन्याय ठरेल की नाही, हे वकिलांनी सांगावे. चाळिशीनंतर मी युनियनच्या कचेरीत रात्री देवाची रूपे पाठ केली, म्हणजे ‘देव’ शब्दाची.

आता त्याच कचेरीत दर गुरुवारी एक निवृत्त शिक्षिका वर्ग घेतात. पहिल्याच दिवशी एका हमालाने विचारले, “बाई, बडतर्फी संस्कृत की निलंबन?” बाई म्हणाल्या, “बडतर्फी फारसी, निलंबन संस्कृत.” तो म्हणाला, “मला दोन्ही आलेत.”